सेवा, उपदान आणि पावती

राजारामपुरीतल्या गल्ल्या नावांपेक्षा क्रमांकांनीच अधिक ओळखल्या जातात. छत्रपती राजाराम महाराजांच्या नावाने वसलेल्या या आखीव वस्तीतल्या अशाच एका गल्लीत आम्ही काही जण पंधरा दिवसांतून एकदा जमतो. आमच्यांतले बहुतेक मराठीचे अध्यापक, एकदोघे निवृत्त, एकदोघे अजून विद्यार्थी. एखादे पुस्तक वाचावे, त्यावर बोलावे, आणि जमले तर कोणीतरी त्याचे टिपण लिहावे, एवढाच आमचा उद्योग. गेल्या पावसाळ्यात अशा एका बैठकीच्या वेळी शेजारच्या गल्लीतले एक वृद्ध गृहस्थ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद घेऊन आले. एका देवस्थानच्या कचेरीत त्यांनी तीस वर्षे कारकुनी केली होती. निवृत्त होऊन चौथे वर्ष चालू होते आणि हक्काच्या रकमेपैकी त्यांच्या हाती काहीच आले नव्हते. विश्वस्तांना द्यायचा सहावा की सातवा अर्ज त्यांनी लिहिला होता. ते म्हणाले, ‘‘सर, तुम्ही मराठीची माणसं. एवढा अर्ज तेवढा नीट करून द्या की.’’

आम्ही आमच्या सवयीप्रमाणे आधी शुद्धलेखन तपासले. दोन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले, एका वाक्याचे दोन केले. मग आमच्यांतल्या एका विद्यार्थिनीने अर्ज मोठ्याने वाचला, आणि खरी चूक कोठे आहे ते सर्वांच्या लक्षात आले. अर्जात ‘देवाच्या कृपेने’ होते, ‘आपल्या चरणी’ होते, ‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ होते, आणि शेवटी ‘उपकृत करावे’ होते. ज्याचे देणे आहे त्याच्याच दारात घेणेकरी हात जोडून उभा होता. हे व्याकरण आमच्या लाल शाईने सुधारणारे नव्हते. ते कोठून आले याचा शोध घ्यावा, म्हणून हे टिपण.

या शोधाची सुरुवात ‘सेवा’ या शब्दापासून करावी लागते. मराठीत हा शब्द एकाच वेळी दोन घरांत नांदतो. देवळात तो भक्ती असतो आणि कचेरीत नोकरी. ‘सेवापुस्तक’, ‘सेवाज्येष्ठता’, ‘सेवानिवृत्ती’ हे सरकारी मराठीतले शब्द. ‘सेवेकरी’, ‘चरणसेवा’, ‘सेवा रुजू करणे’ हे देवळातले. एरवी या दोन अर्थांची गल्लत होत नाही, कारण दोन्ही घरांचे दरवाजे वेगळे आहेत. धार्मिक संस्थेत मात्र दरवाजा एकच असतो. तेथे सकाळी सहाला हजेरीपटावर सही करून घेताना सेवा म्हणजे नोकरी असते. रजा मागताना, पगारवाढ मागताना आणि विशेषतः निवृत्तीचे पैसे मागताना तीच सेवा एकाएकी भक्ती होते. ‘देवाच्या दारी कोणी उपाशी राहत नाही’, ‘देवाचे काम केले, त्याचा हिशोब काय मांडायचा’, अशी वाक्ये मग ऐकू येतात. ती बोलणारी माणसे वाईट असतात असे नाही. पुष्कळदा ती स्वतः मनापासून श्रद्धाळू असतात. पण शब्दाचा कोणता अर्थ केव्हा लागू करायचा हे ठरवण्याचा अधिकार एकाच पक्षाच्या हाती असला, की श्रद्धा हे देणे लांबवण्याचे साधन होते. ‘वेतन’ न म्हणता ‘मानधन’ म्हणण्याची चालही याच जातीची. मान द्यायचा आणि धन मागे ठेवायचे, अशी त्या समासाची फोड कित्येक ठिकाणी प्रत्यक्षात होते.

दुसरा शब्द ‘उपदान’. ‘ग्रॅच्युइटी’साठी शासकीय परिभाषेत हा शब्द आहे. संस्कृतात उपदान म्हणजे भेट, नजराणा. इंग्रजी शब्दाच्या मुळाशीही लॅटिनमधला कृपा आणि संतोष यांचाच अर्थ आहे. म्हणजे मूळ कल्पना अशी, की चाकराने दीर्घकाळ चाकरी केली, मालक प्रसन्न झाला आणि जाताना त्याने त्याच्या हातावर काही ठेवले. कायद्याने हा अर्थ उलटा केला. उपदान प्रदान अधिनियम, १९७२ प्रमाणे सलग पाच वर्षे नोकरी केलेल्या कर्मचाऱ्याला सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी पंधरा दिवसांचे वेतन देणे बंधनकारक झाले. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरायचे. समजा, शेवटचे मासिक वेतन १३,००० रुपये आणि नोकरी ३० वर्षांची. दिवसाचे झाले ५०० रुपये, पंधरा दिवसांचे ७,५००, आणि तीस वर्षांचे २,२५,०००. एवढा साधा हा हिशोब आहे. त्याला ना सहानुभूती लागते, ना उपकार.

या कायद्यातल्या दोन तरतुदी आमच्या अर्जदाराला ठाऊक नव्हत्या, आणि खरे सांगायचे तर आम्हांलाही नव्हत्या. एक म्हणजे, कर्मचाऱ्याने अर्ज केला असो वा नसो, रक्कम ठरवून ती कळवण्याचे काम मालकाचे आहे. दुसरी म्हणजे, रक्कम देय झाल्यापासून तीस दिवसांत ती दिली पाहिजे; त्यानंतर व्याज सुरू होते. ही व्याजाची तरतूद १९८७ च्या दुरुस्तीने आली आणि त्याचा दर द.सा.द.शे. १० ठरला. पैसे न मिळाल्यास नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते, आणि त्याच्या निर्णयाविरुद्ध मालकाला अपील करायचे असेल तर आधी रक्कम भरावी लागते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू होऊन १९७२ चा कायदा तिच्यात सामावला गेला. तरी तीस दिवसांची मुदत आणि विलंबाचे व्याज ही दोन्ही तत्त्वे नव्या संहितेतही आहेत.

न्यायालयांनीही या बाबतीत संदिग्धता ठेवलेली नाही. निवृत्तिवेतन ही सरकारच्या मर्जीवर अवलंबून असलेली खैरात नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये देवकीनंदन प्रसाद खटल्यात सांगितले. १७ डिसेंबर १९८२ च्या नाकारा निकालाने ते अधिक विस्ताराने मांडले. निवृत्तिवेतन हे पूर्वी केलेल्या कामाचेच देणे आहे ही भूमिका त्यात ठाम झाली. पद्मनाभन नायर खटल्यात न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले: निवृत्तिवेतन आणि उपदान देण्यात अक्षम्य विलंब झाला, तर बाजारातल्या दराने व्याजाचा दंड बसला पाहिजे. २०१३ मध्ये झारखंड राज्याच्या एका प्रकरणात या रकमांना राज्यघटनेच्या ३००-अ या अनुच्छेदातली ‘मालमत्ता’ मानले गेले. यांतले खटले सरकारी नोकरांचे आहेत हे खरे. पण त्यांतून घडलेला विचार सगळ्याच मालकांना लागू पडणारा आहे. आधी केलेल्या श्रमाचा मागे ठेवलेला मोबदला म्हणजे निवृत्तीचा लाभ. तो थोपवून धरणे म्हणजे दुसऱ्याची वस्तू आपल्या कपाटात ठेवणे.

मग धार्मिक संस्थांची प्रकरणे न्यायालयात का रेंगाळतात? कारण तेथे रकमेआधी एक तात्त्विक प्रश्न उभा करता येतो. आम्ही कारखाना नाही, दुकान नाही, आम्ही नफा कमवीत नाही. आम्हांला हा कायदा लागतोच कसा? हा प्रश्न अगदीच पोकळ नाही, म्हणूनच तो उपयोगी पडतो. औद्योगिक विवाद कायद्यातल्या ‘उद्योग’ शब्दाची व्याप्ती ठरवताना १९७८ च्या बंगलोर वॉटर सप्लाय निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निव्वळ आध्यात्मिक आणि धार्मिक गरजा बाजूला ठेवल्या होत्या. मात्र त्याच वाक्यात त्यांनी पारलौकिक सुखाकडे नेणाऱ्या ऐहिक वस्तूंचा समावेश केला, आणि उदाहरण दिले ते मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या प्रसादाचे. आमच्या मते साहित्याच्या वर्गात शिकवावे असे हे उदाहरण आहे. प्रसाद खाणाऱ्याच्या जिभेवर तो ईश्वरी असतो. पण तो वळणाऱ्या बाईच्या मनगटाला लाडू वळण्याचे कष्टच होतात. जेथे माणसे स्वेच्छेने, ध्येयापोटी, विनावेतन राबतात अशा आश्रमासारख्या लहान संस्थांना मात्र त्या निकालाने सवलत दिली. पुढे हा निकाल फेरविचारासाठी नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला, यावरूनच प्रश्नाची गुंतागुंत लक्षात येईल.

महाराष्ट्रात तर कायद्यानेच बरीच वाट मोकळी केली होती. मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम, १९४८ मधली ‘आस्थापना’ची व्याख्या धर्मादाय आणि इतर न्यासांनाही, ते नफ्यासाठी असोत वा नसोत, व्यवसाय किंवा त्याला जोडून असलेल्या कामापुरते कवेत घेत होती. उपदानाचा कायदा ‘उद्योग’ या शब्दावर चालत नव्हता. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर चालत होता. तेव्हा भक्तनिवास, अन्नछत्र, प्रसादविक्री, देणगीची खिडकी आणि हिशोबाची कचेरी चालवणाऱ्या मोठ्या देवस्थानाने ‘आम्ही केवळ देऊळ आहोत’ म्हणणे टिकण्यासारखे नाही. पण टिकण्यासारखे नसलेले म्हणणेही पाच-सात वर्षे टिकवता येते. निकाल विरुद्ध लागणार हे दिसत असताना तो कधी लागेल हे लांबवणे, एवढ्यानेच पुष्कळदा काम भागते. समोरचा माणूस साठीच्या पुढचा असतो.

हा प्रश्न एका धर्माचा नव्हे, हेही येथेच नोंदवले पाहिजे. मशिदींतल्या इमामांना मोबदला मिळावा म्हणून अखिल भारतीय इमाम संघटनेने केलेल्या याचिकेत, इमामत हे धर्मकर्तव्य आहे, त्यात मालक-नोकर असे नाते नाही, हाच युक्तिवाद वक्फ मंडळांच्या बाजूने पुढे आला होता. सर्वोच्च न्यायालयाने १३ मे १९९३ रोजी तो नाकारला आणि मोबदल्याची योजना आखण्यास सांगितले. त्याच सुमारास गोव्यातही एक वेगळी, पण आतून जोडलेली गोष्ट घडून गेली होती. पणजीजवळच्या करंझाळे येथे फ्रान्सिस्कन भगिनींच्या शाळेतल्या एका शिक्षिकेला नोकरीवरून काढले गेले. तिचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८८ च्या सुंदरांबाल निकालात असे ठरले, की शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातला ‘कामगार’ नव्हे. कारण काय? अध्यापन हे ध्येय आहे, उदात्त व्रत आहे. ते अंगमेहनतीचे, कौशल्याचे वा कारकुनी काम नाही. न्यायालयाने विधिमंडळाला शिक्षकांसाठी वेगळे संरक्षण द्यावे असे सुचवले. पण त्या शिक्षिकेच्या हाती त्या दिवशी उदात्तपणाच पडला.

येथे आमच्या वाचकांनी जरा थांबावे, कारण आता ही गोष्ट देवळातून निघून आपल्या स्टाफरूममध्ये आली आहे. उपदानाच्या बाबतीतही शिक्षकांच्या वाट्याला हेच आले. १९९७ मध्ये केंद्र सरकारच्या अधिसूचनेने शैक्षणिक संस्थांना उपदानाचा कायदा लागू झाला; पण २००४ च्या अहमदाबाद खासगी प्राथमिक शिक्षक संघटनेच्या निकालात, शिक्षक त्या कायद्यातल्या ‘कर्मचारी’च्या व्याख्येत बसत नाहीत, असे ठरले. शिपाई बसत होता, लिपिक बसत होता, शिक्षक नाही. संसदेने २००९ मध्ये दुरुस्ती करून ती ३ एप्रिल १९९७ पासून पूर्वलक्षी लागू केली. खासगी शाळांनी तिला आव्हान दिले आणि ते २९ ऑगस्ट २०२२ रोजी फेटाळले गेले. १९९७ ते २०२२ म्हणजे पंचवीस वर्षे. या काळात निवृत्त झालेल्या कितीजणांना आपण शिक्षकदिनी शाल आणि श्रीफळ दिले असेल! ज्या कामाला समाज ‘पवित्र’ म्हणतो त्याचे पैसे उशिरा मिळतात, आणि ते मागणाऱ्याला आपण काही हलके बोललो असे वाटायला लावले जाते. पुजारी, इमाम, जोगीण, शिक्षक आणि परिचारिका यांच्यात हा एक धागा समान आहे.

एक आक्षेप आम्हांला गंभीरपणे घ्यावासा वाटतो. सेवेला सगळीकडे नोकरी म्हटले तर भक्तीला जागा उरणार नाही, वारीत पाणी वाटणाऱ्यालाही उद्या हजेरीपट लागेल, असे काही मित्र म्हणतात. हे भय खरे नाही. वारीत पाणी वाटणारा दुपारी उठून घरी जाऊ शकतो. त्याच्यावर कोणी बिनपगारी रजा लावत नाही. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाबाहेर रांगा लावायला उभे राहणारे स्वयंसेवक दहा दिवसांनी आपापल्या कामाला लागतात. ज्याची अनुपस्थिती हा गुन्हा ठरतो, ज्याच्या वेळेवर दुसऱ्याचा ताबा आहे, आणि ज्याचे घर त्या पगारावर चालते, तो नोकर आहे, मग तो मनातून कितीही भक्त असो. त्याची भक्ती ही त्याची स्वतःची आहे. ती संस्थेच्या ताळेबंदात जमेच्या बाजूला लिहिण्याचा अधिकार संस्थेला नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. भक्तांनी देवाला दिलेले दान नोकरांवर कसे खर्चावे? लहान देवळांच्या बाबतीत ही अडचण खरी आहे. ज्या देवळात एक गुरव आणि एक झाडूवाली आहे तेथे कायदाही लागू होत नाही. तेथे गावाची सदसद्विवेकबुद्धी हाच कायदा. पण मोठ्या न्यासांच्या बाबतीत हा आक्षेप टिकत नाही. देवापुढचा दिवा कोणीतरी रोज घासतो, म्हणून तो लख्ख दिसतो. दिव्याचे तेल हा धार्मिक खर्च आणि घासणाऱ्याचे म्हातारपण हा मात्र अवांतर खर्च, ही विभागणी कोणत्या शास्त्रात बसते?

कोल्हापूरकरांना या प्रश्नाचा इतिहास वेगळा सांगायला नको. जुन्या व्यवस्थेत देवळातली कामे पगारावर चालत नसत. देवस्थान इनामाच्या जमिनी, वतने, उत्पन्नातला वाटा आणि पाळी यांवर ती चालत. पंढरपुरात बडवे आणि उत्पात यांच्याखेरीज पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे आणि डांगे असे सात ‘सेवाधारी’ होते. कोणी स्नान घालायचे, कोणी दिवटी धरायची, कोणी कीर्तनाला उभे राहायचे, हे घराण्यांनी ठरलेले होते. त्या व्यवस्थेतला अन्याय सर्वज्ञात आहे. तिने जन्मावर हक्क बांधला आणि बाकीच्यांना दाराबाहेर ठेवले. पण त्या व्यवस्थेत निवृत्ती नावाची गोष्ट नव्हती. हात थरथरू लागले की मुलगा पाळी घेई आणि म्हातारा त्याच उत्पन्नावर घरात बसून जेवी. वतन हेच त्याचे निवृत्तिवेतन होते.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले, तेव्हा करवीर राज्यात जन्माच्या हक्काकडून नेमणुकीच्या हक्काकडे जाण्याचे एक मोठे पाऊल पडले. देवळांत तेच पाऊल पडायला फार वेळ लागला. पंढरपूर मंदिरे अधिनियम १९७३ चा; त्याविरुद्धची लढाई सर्वोच्च न्यायालयात संपली ती १५ जानेवारी २०१४ रोजी. आमच्या अंबाबाईच्या देवळासाठी वंशपरंपरागत हक्क संपवून पगारी पुजारी नेमण्याची तरतूद करणारा कायदा विधिमंडळाने २०१८ मध्ये केला. या बदलांचे आम्ही मनापासून स्वागत करतो. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हक्काच्या जागी पगार आणला, की त्याबरोबर म्हातारपणाची सोयही आणावी लागते. पगार नव्या व्यवस्थेचा आणि निवृत्तीचा विचार मात्र जुन्या व्यवस्थेचा, असे चालत नाही. जुना सेवाधारी ‘देवाच्या दारी उपाशी’ राहत नव्हता, कारण त्या दारात त्याची जमीन होती. आजच्या पगारी लिपिकाची तेथे काही जमीन नाही. त्याला तेच वाक्य ऐकवणे म्हणजे वतनदाराची सुरक्षितता न देता त्याच्याकडून वतनदाराची निष्ठा मागणे.

कायद्याने धार्मिक संस्थांना सूट दिली तर काय होते, हे पाहायला अमेरिकेकडे नजर टाकावी. तेथे निवृत्तियोजनांना शिस्त लावणारा १९७४ चा कायदा चर्चच्या योजनांना लागू नाही. चर्चशी संलग्न रुग्णालयांनी आपल्या हजारो परिचारिका आणि कर्मचाऱ्यांच्या योजनाही याच सवलतीत बसवल्या. कर्मचारी न्यायालयात गेले, आणि ५ जून २०१७ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयांच्या बाजूने एकमुखी निकाल दिला. कायद्याची भाषाच तशी होती. त्याच वर्षी ऱ्होड आयलंडमधल्या सेंट जोसेफ या कॅथलिक परंपरेतल्या आरोग्यसंस्थेची निवृत्तियोजना दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर येऊन न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकाकडे गेली. सुमारे २,७०० लोकांचे म्हातारपण त्या योजनेत अडकले होते. आपल्याकडे औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये ‘उद्योगा’च्या व्याख्येतून धर्मादाय, सामाजिक किंवा परोपकारी कार्यात पूर्णतः वा मुख्यतः गुंतलेल्या संस्थांना वगळले आहे, आणि तीही संहिता आता लागू आहे. तिचा उपदानाशी थेट संबंध नाही. पण ‘परोपकारी’ हा शब्द उद्या कितीजणांच्या मदतीला धावून येईल, आणि त्यावर किती वर्षे वाद चालेल, याची कल्पना करता येते. शब्दांवर लक्ष ठेवणे हे आमचे काम असल्याने ही सूचना येथे देऊन ठेवतो.

एक गोष्ट मात्र चांगली झाली. उपदानाचे प्रकरण प्राधिकाऱ्याकडून अपिलात आणि तेथून रिट याचिकेने उच्च न्यायालयात गेले, की आमच्या भागातल्या माणसाला जवळजवळ चारशे किलोमीटरवरची मुंबई गाठावी लागे. चार दशकांहून अधिक काळ चाललेल्या मागणीनंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. म्हणजे जोतिबाचा डोंगर, नरसोबाची वाडी आणि पंढरपूर ही सारी क्षेत्रे त्यात आली. सत्तरीतल्या माणसाला आता तारखेसाठी रात्रीची बस पकडावी लागणार नाही. पण न्यायालय जवळ आले म्हणून न्यायालयात जाण्याची वेळ येणे योग्य ठरत नाही. वर दिलेल्या उदाहरणात वर्षाचे व्याज होते २२,५०० रुपये. सरळ व्याज, ते त्या माणसाच्या वयाच्या वेगाने वाढत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ज्या वर्षी करायची त्या वर्षी पैसे नसतात, आणि पुढे ते व्याजासकट आले तरी ते वर्ष परत येत नाही.

म्हणून आमची मागणी न्यायालयांकडे नसून विश्वस्तांकडे आणि धर्मादाय आयुक्तांकडे आहे. सार्वजनिक न्यासांच्या हिशोबांची दरवर्षी तपासणी होते. कोणत्या कर्मचाऱ्याचे किती उपदान साठले आहे आणि पुढच्या वर्षी कोण निवृत्त होणार आहे, हे त्या हिशोबात ठळकपणे यावे. त्यासाठीचा निधी वेगळा ठेवावा. विमा महामंडळाच्या सामूहिक उपदान योजना आहेत, त्यांचा उपयोग करावा. निरोपसमारंभात शाल आणि श्रीफळाबरोबर धनादेशही द्यावा. देवळाच्या कळसाला सोने चढवण्याचा ठराव ज्या सभेत होतो त्याच सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर त्याच्या आधी यावा. हे काही क्रांतिकारक नाही. किराणामालाचे बिल जशा वेळी चुकते होते तशा वेळी माणसाचे बिल चुकते व्हावे, एवढेच.

आता थोडे आपल्या घरातले. मराठी साहित्यात देव आहे, भक्त आहे, बडवा आहे, गावचा गुरव आहे. पण देवस्थानचा कर्मचारी जवळजवळ नाही. अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’त यात्रेकरूंच्या बसची वाट पाहणारा पुजारी आहे, आणि त्याच्या नजरेतला हिशोबही आहे. २०११ च्या ‘देऊळ’ चित्रपटाने श्रद्धेभोवती बाजार कसा उभा राहतो ते नेमके दाखवले. पण त्या बाजारात पावत्या फाडणारा, अन्नछत्रातली पातेली घासणारी, तीस वर्षांनी तेथून बाहेर पडणारी माणसे आमच्या कथा-कादंबऱ्यांत आली नाहीत. ज्याला आपण भाषेत कामगार म्हणत नाही तो कथेतही कामगार म्हणून दिसत नाही, आणि न्यायालयात त्याला आपण कामगार आहोत हे आधी सिद्ध करावे लागते. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या नात्याचा विचार करावा असे आम्हांला वाटते.

याउलट आमच्या संतकथा या बाबतीत फार स्वच्छ आहेत. जनाबाई ही नामदेवाघरची दासी. तिच्या कथेत विठ्ठल तिची सेवा घेत बसत नाही, तो तिच्याबरोबर जात्याला बसतो. एकनाथांच्या घरी तो श्रीखंड्या होऊन बारा वर्षे पाणी भरतो. आणि मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा तर हिशोबाचीच आहे. दुष्काळात दामाजीने सरकारी कोठार लोकांना खुले केले. बेदरच्या बादशहाचे देणे त्याच्या डोक्यावर आले. तेव्हा विठ्ठल विठू महाराच्या रूपाने दरबारात गेला, सगळी रक्कम मोजून दिली आणि रीतसर पावती घेतली. लोकपरंपरेने कल्पिलेला देव असा आहे: देणे राहू देत नाही, आणि पावतीशिवाय परत येत नाही. त्याच्या नावाने चालणाऱ्या संस्थांनी यापेक्षा वेगळा आदर्श शोधण्याची गरज नसावी.

त्या संध्याकाळी आम्ही अर्ज पुन्हा लिहिला. ‘कृपेने’ काढले, ‘चरणी’ काढले. नेमणुकीची तारीख, निवृत्तीची तारीख, शेवटचे वेतन, देय रक्कम, तीस दिवसांची मुदत संपल्याची तारीख आणि तेव्हापासूनचे व्याज, एवढेच राहिले. कागद अर्ध्या पानावर आला. काकांनी तो दोनदा वाचला. ‘उपकृत करावे’ नाही म्हणून त्यांना चुकल्यासारखे झाले. तेवढे तरी असू दे, नाहीतर उद्धट वाटेल, असे म्हणाले. आम्ही बराच वेळ समजावले. शेवटी त्यांनी सही केली, आणि निघताना दारातून मागे वळून विचारले, ‘‘आणि सर, हा दिल्याची पोच घ्यायची ना?’’